निजलेल्यापाशी जागणारे

जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये एका पाच वर्षांच्या मुलीच्या मेंदूतली गाठ काढली गेली. गाठ निघत असताना ती मुलगी जागी होती, समोर धरलेली चित्रे ओळखत होती, विचारलेल्याला उत्तर देत होती. गाठ मेंदूच्या अशा भागात होती की जरा हात चुकला तर वाचा जावी. मुलीचे बोलणे चालू आहे तोवर शल्यविशारदाची वाट बरोबर आहे, हे कळण्यासाठी तिला जागे ठेवले होते. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. वेदना होते ती डोक्याच्या कातडीला आणि मेंदूवरच्या आवरणाला. कातडीच्या नसा सुईने बधिर करायच्या, आणि शिरेतून जाणाऱ्या औषधाची मात्रा अशी राखायची की मूल घाबरू नये, हलू नये आणि तरीही बोलत राहावे. इतक्या लहान वयात हे साधणे जगातही दुर्मीळ आहे.

भूल म्हणजे झोपेचे इंजेक्शन, अशी समजूत घेऊन हे पुस्तक उघडणाऱ्या वाचकाने या मुलीचा विचार मनात ठेवावा. तिच्या उशाशी बसलेल्या भूलतज्ज्ञांनी त्या वेळी केलेले सर्वांत अवघड काम तिला झोपवण्याचे नव्हते. तिच्या प्रत्येक श्वासावर, नाडीवर, चेहऱ्यावर आणि शब्दावर त्यांचे लक्ष होते. या पुस्तकाचे सांगणे तेच आहे. भूलशास्त्राचा इतिहास औषधांच्या शोधाचा म्हणून सांगितला जातो, पण खरा तो राखणीचा इतिहास आहे. शुद्ध हरपवणारी द्रव्ये माणसाला पूर्वीपासून ठाऊक होती. शुद्ध हरपलेल्या माणसापाशी बसून नेमके कशाकडे लक्ष द्यायचे, हे शिकायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शिक्षणातला एक फार मोठा धडा आपल्या दख्खनमध्ये गिरवला गेला आणि अगदी अलीकडचा दिल्लीत.

आयुष्यभर दिल्लीच्या रुग्णालयांत हेच काम करून निवृत्त झाल्यावर मी हे पुस्तक मराठीत लिहायला घेतले. ऑपरेशन झाल्यावर घरचे लोक सर्जनचे पाय धरतात आणि भूल देणाऱ्याचे नावही त्यांना ठाऊक नसते, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र या अज्ञानापायी रुग्णाचेच नुकसान होते, हे मी पुरेसे पाहिले आहे.

वेदना शमवण्याचे प्रयत्न शस्त्रक्रियेइतकेच जुने आहेत. ज्याला वेदना सोसवत नाही त्याला शस्त्रकर्मापूर्वी तीक्ष्ण मद्य पाजावे आणि रोग्याला आधी खाऊ घालावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आज आपण याच्या अगदी उलट वागतो. भूल दिलेल्या माणसाचा घसा स्वतःचे रक्षण करू शकत नाही. पोटातले अन्न वर आले तर ते सरळ फुप्फुसात उतरते. म्हणून उपाशी ठेवणे आवश्यक असते. चोरून चहा-बिस्कीट खाऊन टेबलावर आलेला रुग्ण आपला जीव धोक्यात घालतो, हे त्याला कुणी नीट समजावलेले नसते. जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्याने १८०४ साली वनस्पतींचा काढा पाजून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश डॉक्टरने १८४५ पासून संमोहनाच्या साहाय्याने मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. या सगळ्या वाटांत एक उणीव होती. मात्रा हातात नव्हती. पोटात गेलेला काढा परत काढता येत नाही आणि संमोहन प्रत्येकावर चालत नाही.

वायू आणि बाष्प यांचे तसे नाही. श्वासाबरोबर आत जाते ते श्वासाबरोबर बाहेरही येते. हम्फ्री डेव्ही याने १८०० सालीच लिहून ठेवले होते की नायट्रस ऑक्साइड शस्त्रक्रियेत उपयोगी पडू शकेल. ते वाचून कुणी हातपाय हलवले नाहीत, आणि पुढची चार दशके माणसे दोरांनी बांधून कापली जात राहिली. अमेरिकेत क्रॉफर्ड लाँग याने १८४२ मध्ये ईथर वापरले, पण ते तेव्हा प्रसिद्ध केले नाही. अखेर १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने सर्वांसमक्ष ईथर दिले, जॉन कॉलिन्स वॉरन यांनी मानेवरची गाठ काढली, आणि रुग्ण ओरडला नाही. ही वार्ता आगबोटीने पसरली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लंडनला आणि मार्च १८४७ मध्ये कोलकात्याला ईथर दिले गेले. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणले. पुढच्या जानेवारीत तेही कोलकात्यात पोहोचले होते. परदेशी वैद्यकातली इतर कुठलीही गोष्ट त्या काळी इतक्या झपाट्याने हिंदुस्थानात आली नसेल.

क्लोरोफॉर्मचा वास गोड, परिणाम जलद, आणि उपकरण म्हणावे तर रुमाल पुरे. आपल्या उष्ण हवेत ईथर भराभर उडून जाई आणि ते ज्वालाग्राहीही होते. त्यामुळे इथे क्लोरोफॉर्मचा जम बसला. पण २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. एवढ्याशा कामासाठी, धडधाकट मुलगी, आणि काही क्षणांत. असे मृत्यू पुढे होतच राहिले. लंडनचे जॉन स्नो यांनी किती तापमानाला हवेत किती बाष्प मावते याचे गणित मांडून मात्रा मोजून देणारे उपकरण बनवले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे हेच, आणि १८५४ मध्ये पटकीची साथ पाण्याच्या पंपामुळे पसरल्याचे शोधणारेही हेच. पण स्नो १८५८ मध्ये वारले, आणि त्यांच्यासारखे मोजून देणारे थोडे होते. एडिंबरोची शिकवण अशी, की रुग्णाच्या श्वासाकडे पाहा, नाडीकडे पाहण्याची गरज नाही. लंडनची शिकवण अशी, की बोट नाडीवरून हलवू नका, कारण घात हृदय करते. चाळीस वर्षे हा वाद मिटला नाही.

तो मिटवण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न हैदराबादेत झाला. निजामाच्या राज्यात तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हा सगळा मराठवाडा होता, म्हणून हा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. तिथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी एडिंबरोच्या परंपरेतले. श्वास सांभाळला तर क्लोरोफॉर्मने हृदय थांबत नाही, असा त्यांचा ठाम विश्वास. १८८८ मध्ये निजाम महबूब अली खान यांच्या खर्चाने त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने निष्कर्ष मानले नाहीत, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ केले आणि तुमचाच माणूस पाठवा म्हणून कळवले. १८८९ मध्ये सर्वमान्य औषधशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन हैदराबादेत आले. शेकडो प्राण्यांवर, श्वास आणि रक्तदाब यांचे आलेख काढत प्रयोग झाले. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला आणि हृदय मागाहून. हृदयाला धोका असतो असे मानत आलेले ब्रंटन मत बदलून परतले.

हैदराबादचा निष्कर्ष पुरता खरा नव्हता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना, रुग्ण घाबरलेला किंवा अर्धवट शुद्धीत असताना हृदयाचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे जात नाही. म्हणजे जास्त मात्रेत घात श्वासाचा आणि कमी मात्रेत हृदयाचा. दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते आणि दोघांनीही अर्धेच पाहिले होते. असे असूनही मी या पुस्तकात हैदराबादला एक पूर्ण प्रकरण दिले आहे. भूल देताना माणूस का मरतो हा प्रश्न नशिबावर न सोपवता प्रयोगाने सोडवायचा, त्यासाठी पैसा, वेळ आणि विरोधकालाही बोलावण्याचे धैर्य दाखवायचे, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर जगात प्रथम इथे घडले. श्वासाकडे लक्ष द्या हा लॉरींचा आग्रहही वाया गेला नाही. क्लोरोफॉर्म मागे पडले, पण तो नियम उरला.

लॉरींच्या हाताखाली शिकलेली एक पारशी तरुणी या इतिहासात ठळकपणे यायला हवी. रूपाबाई फर्दुनजी यांनी हैदराबादच्या वैद्यकीय शाळेतून शिक्षण पूर्ण केले आणि तिथल्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम हाती घेतले. भूल देणे हेच काम मानून ते करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. १९०९ मध्ये त्या एडिंबरोला गेल्या आणि तिथे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे पाठ घेतले. वर्षानुवर्षे भूल दिल्यानंतरही वायू आणि बाष्प मुळातून समजून घ्यावे असे त्यांना वाटले, यातच त्यांची योग्यता दिसते. आज आपल्या देशात भूलशास्त्राच्या वर्गांत मुलींची संख्या मोठी आहे. त्यांतल्या प्रत्येकीला रूपाबाईंचे नाव ठाऊक असावे, एवढी माझी इच्छा आहे.

क्लोरोफॉर्मच्या काळातली एक रात्र महाराष्ट्राच्या स्मरणात वेगळ्या कारणाने आहे. १२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले गेले आणि कर्नल मॅडॉक यांनी रात्री त्यांचे आंत्रपुच्छ काढले. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. मग हातातली विजेरीही विझली आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. या हकिगतीत नेहमी सर्जनच्या कौशल्याची वाखाणणी होते, आणि ती रास्त आहे. पण उशाशी क्लोरोफॉर्म देत बसलेल्या डॉक्टरचा विचार करा. रक्तदाबाचे यंत्र नाही, ओठ निळे पडले तर दिसायला उजेड नाही, आणि देशाचा सर्वांत मोठा नेता टेबलावर. अशा अंधारात भूल देणाऱ्याच्या हाती आपले कान आणि बोटे एवढेच उरते: श्वासाचा आवाज आणि नाडीचा ठोका. शिवाय त्या रात्री क्लोरोफॉर्मऐवजी ईथर चालू असते, तर पेटता कंदील जवळ आणणे हाच मोठा धोका ठरला असता.

विसाव्या शतकात भूल देण्याची रीत मुळापासून बदलली. तोवर एकाच द्रव्याने सगळे साधायचे होते: शुद्ध हरपावी, वेदना कळू नये, स्नायू ढिले पडावेत. त्यासाठी मात्रा जिवावर बेतेल इतकी वाढवावी लागे. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेत क्युरारी वापरले, दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींनी बाणाला लावायचे विष. त्याने स्नायू लुळे पडतात आणि श्वासही थांबतो. मग तो श्वास भूलतज्ज्ञाने चालवायचा. आता प्रत्येक कामाला वेगळे औषध थोड्या मात्रेत देता येऊ लागले, आणि रुग्णाचा श्वास अक्षरशः भूल देणाऱ्याच्या हातात आला. श्वासनलिकेत ट्यूब घालणे आणि रबरी पिशवी दाबत राहणे हे नित्याचे काम झाले.

या हातांचे महत्त्व जगाला १९५२ मध्ये कळले. कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडून मुले मरू लागली, आणि यंत्रे अपुरी होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवले की ऑपरेशन थिएटरात आम्ही रोज करतो तेच इथे करू. गळ्यात छिद्र पाडून नळी घातली आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे हाताने पिशव्या दाबत बसले. मृत्यू झपाट्याने घटले. आजचा आयसीयू जन्मला तो या पिशव्या दाबणाऱ्या हातांतून.

आपल्याकडे हाच काळ या शाखेच्या उभारणीचा होता. भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९४७ मध्ये मुंबईत सुरू झाली, तिचे नियतकालिक १९५३ पासून निघू लागले, आणि १९५६ मध्ये दिल्लीत एम्स स्थापन झाले. तोवर पुष्कळ ठिकाणी भूल देण्याचे काम हाताशी असेल त्या डॉक्टरकडे जाई. भूल देणारे बॉईल मशीन मोठ्या शहरांत आले तरी लहान गावांत तारेच्या जाळीवर गॉज पसरून थेंबाथेंबाने ईथर टाकण्याची पद्धत कित्येक वर्षे टिकली. ईथर सावकाश चढते, सावकाश उतरते, रुग्णाला उलट्या होतात. पण ते श्वास सहजी थांबवत नाही, म्हणून एकट्यादुकट्या डॉक्टरला त्याचा आधार वाटे. ज्यांनी अशा परिस्थितीत हजारो बाळंतिणी आणि अपघातग्रस्त सुखरूप टेबलावरून उतरवले, त्यांच्यावर कुणी लिहिले नाही. त्यांचे ऋण मान्य करणे हाही या लेखनाचा हेतू आहे.

आता दिल्लीकडे. १८८५ साली बायकामुलांसाठी सुरू झालेले, आज तीस हजारीला असलेले सेंट स्टीफन्स रुग्णालय या पुस्तकात येते ते एका कागदामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली आणि २००७-०८ मध्ये जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. सिॲटल, टोरांटो, लंडन, ऑकलंड यांच्या जोडीला नवी दिल्लीचे सेंट स्टीफन्स होते. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण थिएटराबाहेर नेण्याआधी थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे: हाच रुग्ण ना? हीच बाजू ना? कशाची ॲलर्जी? श्वासमार्ग अवघड आहे का? पल्स ऑक्सिमीटर लावला आहे आणि चालतो आहे ना? आठही ठिकाणचे मिळून मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. कुठलेही नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. ठरवून लक्ष दिले, एवढेच.

त्या यादीतला पल्स ऑक्सिमीटर हे हैदराबादच्या वादाला मिळालेले उत्तर आहे, असे मी मानतो. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचे तत्त्व मांडले. प्राणवायू असलेले रक्त आणि नसलेले रक्त तांबडा व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. बोटातून आरपार जाणाऱ्या प्रकाशातला नाडीबरोबर बदलणारा भाग तेवढा वेगळा काढला, की रक्तात किती प्राणवायू आहे ते सुई न टोचता कळते. श्वास पाहायचा की नाडी, हा प्रश्नच उरला नाही. बोटाला लावलेल्या चिमट्यातून दोन्ही एकदम दिसू लागले. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. त्याच वर्षी जूनमध्ये दिल्ली सरकारने घरी राहून उपचार घेणाऱ्या कोविड रुग्णांना ऑक्सिमीटर देण्याचे जाहीर केले, आणि भूलतज्ज्ञाच्या उशाशी असणारे उपकरण राजधानीच्या घराघरांत पोहोचले. एप्रिल २०२१ च्या त्या भीषण दिवसांत, खाटा आणि प्राणवायू दोन्ही संपत असताना, ट्यूब टाकायला, व्हेंटिलेटर सांभाळायला आणि आयसीयूत रात्री काढायला दिल्लीभरचे भूलतज्ज्ञ पुढे उभे होते. रुग्णाच्या उघड्या तोंडाशी सर्वांत जवळ जाणारे तेच, आणि म्हणून सर्वाधिक धोक्यात असणारेही तेच. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांची परंपरा त्यांनी चालवली.

यंत्राने माणूस अनावश्यक झाला, असे मात्र कुणी समजू नये. बोटे थंडगार पडली असतील, नखांवर गडद नेलपॉलिश असेल, तर ऑक्सिमीटर चुकतो. सावळ्या कातडीत तो प्राणवायू आहे त्याहून जास्त दाखवू शकतो, ही गोष्ट आपल्या देशात तरी नजरेआड करून चालणार नाही. शिवाय रुग्णाचा श्वास थांबल्यावर आकडा उतरायला वेळ लागतो. छाती हलत नाही हे आधी दिसते ते पाहणाऱ्या डोळ्यांना.

पुस्तकाची मांडणी काळानुसार आहे, पण प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे वाचता येईल. औषधांची रसायने जिथे लागली तिथेच दिली आहेत. शेवटची दोन प्रकरणे आजच्या भारताबद्दल आहेत आणि ती लिहिताना मी सर्वांत अस्वस्थ होतो. दिल्ली, गुरुग्राम, नोएडाच्या मोठ्या रुग्णालयांत जे सहज मिळते ते गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर मिळेलच अशी खात्री नाही. सर्जन आहे, थिएटर आहे, पण भूल द्यायला कुणी नाही, म्हणून तिला पुढच्या गावी पाठवले जाते आणि वाटेत ती जाते. ही उणीव ओळखून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी जीवरक्षक भूल देण्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले. योजना चांगली आहे. पण शिकलेला डॉक्टर त्याच कामावर ठेवला, त्याला उपकरणे दिली आणि अडचणीत फोन करायला ज्येष्ठ माणूस दिला, तरच ती टिकते. इथे पुरेसा पाठपुरावा झालेला नाही, हे स्पष्ट लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

वाचकाकडे माझे मागणे साधे आहे. तुमच्या घरात कुणाचे ऑपरेशन ठरले तर भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी भेटा. दमा, रक्तदाब, चालू असलेल्या गोळ्या, तंबाखू, हलणारा दात, पूर्वीच्या भुलेत झालेला त्रास, यांतले काहीही लपवू नका. कमरेतल्या सुईने आयुष्यभर पाठ दुखते ही भीती मनात असेल तर ती बोलून दाखवा. बहुतेक वेळा त्या दुखण्याची कारणे दुसरीच असतात, आणि ती ऐकण्याचा तुम्हाला हक्क आहे. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी विचारा की भूल कोण देणार, ती व्यक्ती ऑपरेशन संपेपर्यंत आणि त्यानंतर शुद्ध येईपर्यंत जवळ थांबणार का. हा प्रश्न विचारल्याबद्दल कुठलाही चांगला भूलतज्ज्ञ रागावणार नाही. उलट आपले काम कुणाला तरी समजले, म्हणून तो खुर्ची ओढून शांतपणे उत्तर देईल. आणि ज्या तालुक्याच्या रुग्णालयात या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणीच नसेल, तिथे तो प्रश्न आमदारापासून मंत्र्यापर्यंत विचारत राहा.